विंडोज ७ चे अडकलेले अपडेट्स: कोणती फाइल आधी, कोणती नंतर

विंडोज ७ मध्ये 'चेकिंग फॉर अपडेट्स'ची हिरवी पट्टी तासन्‌तास फिरत राहिली की बहुतेक जण आधी मशीन रीस्टार्ट करतात, मग इंटरनेटला दोष देतात आणि शेवटी कुठेतरी वाचून 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' फोल्डर उडवतात. तिन्हींचा उपयोग होत नाही. फोल्डर उडवल्यावर तर दुखणं वाढतं, कारण मशीनने तोवर जमवलेला हिशोब पुसला जातो आणि तपासणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

खरी अडचण अपडेट शोधणाऱ्या यंत्रणेतच आहे. कुठल्या अपडेटने कुठल्या जुन्या अपडेटची जागा घेतली याची साखळी तिला प्रत्येक तपासणीत सोडवावी लागते. वर्षानुवर्षं साखळी लांबत गेली आणि यंत्रणा मात्र जुनीच राहिली. म्हणून आधी ही यंत्रणा हाताने अद्ययावत करायची आणि बाकीचं नंतर. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पाचवा टप्पा सोपा दिसतो म्हणून तिथून सुरुवात करू नका.

विंडोज ७ चा मोफत सुरक्षा-आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यामुळे आपल्याला मशीन जानेवारी २०२० पर्यंत आणून पोहोचवायचं आहे. त्यापुढच्या अपडेट्सचं काय होतं, ते शेवटी पाहू.

## टप्पा १: नेमकं काय अडकलंय ते ओळखा

'अपडेट अडकलं' असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

पहिली म्हणजे तपासणीच संपत नाही. 'टास्क मॅनेजर' उघडा, 'प्रोसेसेस'मध्ये 'शो प्रोसेसेस फ्रॉम ऑल यूजर्स' दाबा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावा. एखादी 'एसव्हीसीहोस्ट' (विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारी प्रोसेस) दोन कोअरच्या प्रोसेसरवर ५० टक्क्यांवर किंवा चार कोअरच्या प्रोसेसरवर २५ टक्क्यांवर खिळून बसलेली दिसेल. म्हणजे एक पूर्ण कोअर तिने धरून ठेवला आहे. तिच्यावर राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' निवडा. ठळक झालेल्या सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज अपडेट' असेल तर निदान पक्कं. हीच प्रोसेस मेमरीही खाते, कधी १ जीबीच्या वर. ज्या मशीनमध्ये रॅमच १ किंवा २ जीबी आहे, तिथे मग हार्ड डिस्क सतत घरघरते आणि माउससुद्धा अडखळतो. व्हायरस शोधत बसू नका.

दुसरी तऱ्हा म्हणजे तपासणी लगेच संपते, पण एरर कोड देऊन. किंवा यादी येते आणि डाउनलोड शून्य टक्क्यांवर थांबतं.

तिसरी म्हणजे डाउनलोड होतं, इन्स्टॉलही झाल्यासारखं वाटतं, पण रीस्टार्टच्या वेळी 'फेल्युअर कॉन्फिगरिंग विंडोज अपडेट्स, रिव्हर्टिंग चेंजेस' असं म्हणून सगळं मागे जातं.

पहिल्या तऱ्हेला टप्पा ४ पुरतो. दुसरीला ४ आणि ५ लागतात. तिसरीसाठी आधी टप्पा २ मधली डिस्कची तपासणी करा आणि मग थेट टप्पा ७ वाचा.

## टप्पा २: तयारी

कंटाळवाणा भाग हाच, आणि निम्मी मशीन्स इथेच चुकतात.

घड्याळ. खाली उजवीकडची तारीख आणि वर्ष दोन्ही बघा. जुन्या मशीनमधली मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की प्लग काढल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. चुकीच्या तारखेला सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि अपडेटचा सर्व्हर जोडणीच नाकारतो. तारीख दुरुस्त करून, प्लग काढून, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. ती पुन्हा मागे गेली असेल तर बॅटरी बदला. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ असते, तरी जुनी काढून तिच्यावरचा नंबर वाचून घ्या.

३२ बिट की ६४ बिट, सर्व्हिस पॅक (आधीच्या अपडेट्सचा एकत्रित मोठा संच) आहे की नाही. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज'. 'सिस्टिम टाइप' कागदावर लिहून घ्या. वर 'सर्व्हिस पॅक १' ही ओळ दिसायला हवी. ती नसेल तर टप्पा ४ मध्ये आधी सर्व्हिस पॅक टाकावा लागेल; त्याशिवाय खालच्या यादीतली बाकीची एकही फाइल बसणार नाही.

जागा. सी ड्राइव्हवर निदान १० जीबी मोकळे हवेत. सर्व्हिस पॅक १ वेगळ्या फाइलने टाकायचा असेल तर मायक्रोसॉफ्टने ६४ बिटसाठी ७४०० एमबी आणि ३२ बिटसाठी ४१०० एमबी मोकळ्या जागेची अट सांगितली आहे. ती काठावरची अट समजा.

जागा कुठे गेली याचा पत्ताच लागत नसेल तर विंडोज फोल्डरमधला 'टेम्प' उघडा. 'कॅब' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मोठमोठ्या फाइल्सची रांग तिथे दिसली तर प्रकार असा आहे: अपडेटची लॉग फाइल २ जीबीच्या वर गेली, विंडोज ती आवळून ठेवायला जातं, ते जमत नाही, अर्धवट फाइल टेम्पमध्ये पडून राहते आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रयत्न होतो. असं करत करत आख्खी डिस्क भरते. 'सर्व्हिसेस'मध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' थांबवा. विंडोज फोल्डरमधल्या 'लॉग्ज'मध्ये 'सीबीएस' फोल्डर आहे, त्यातली 'सीबीएसपर्सिस्ट' नावाची अवाढव्य लॉग फाइल काढून टाका आणि मग टेम्पमधल्या त्या कॅब फाइल्स काढा. नुसत्या कॅब फाइल्स काढल्या तर त्या परत येतात.

डिस्कची तब्येत. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. 'डिस्क' या सोर्सखाली क्रमांक ७ च्या नोंदी म्हणजे खराब ब्लॉक, 'एनटीएफएस'खाली ५५ म्हणजे फाइल सिस्टिममध्ये बिघाड. ५५ असेल तर सी ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स'खालच्या 'चेक नाऊ'ने तपासणी लावा आणि रीस्टार्ट करा. ७ च्या नोंदी वारंवार असतील तर इथेच थांबा, डेटा काढा आणि डिस्क बदला. मरणाऱ्या डिस्कवर शेकडो अपडेट्स टाकणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

बाकीचं थोडक्यात. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. एक रीस्टोअर पॉइंट (मशीन आजच्या स्थितीला परत नेता यावं म्हणून ठेवलेली नोंद) बनवा. लॅपटॉप चार्जरला लावा. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये स्लीप 'नेव्हर' करा, नाहीतर मशीन कामाच्या मधोमध झोपतं. दुसऱ्या कंपनीचं अँटिव्हायरस असेल तर इन्स्टॉलपुरतं बंद ठेवा.

> तपासा: तारीख बरोबर, सर्व्हिस पॅक १ दिसतो (नसेल तर त्याची फाइल यादीत पहिली), १० जीबी मोकळे, डिस्कच्या नोंदी स्वच्छ. चारही जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: फाइल्स आधीच उतरवून ठेवा

फाइल्स 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'वरूनच घ्या, आणि जमलं तर दुसऱ्या, चालू स्थितीतल्या मशीनवर. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते पान धड उघडत नाही. 'सगळे अपडेट्स एकाच झिपमध्ये' देणाऱ्या अनोळखी साइट्सच्या वाटेला जाऊ नका. फाइलमध्ये काय मिसळलंय ते तुम्हाला कळणार नाही.

कॅटलॉगच्या शोधपेटीत केबी नंबर (मायक्रोसॉफ्टने प्रत्येक अपडेटला दिलेला क्रमांक) टाका. लागणाऱ्या फाइल्स अशा:

1. केबी ९७६९३२: सर्व्हिस पॅक १. नसेल तरच. ६४ बिटची फाइल ९०० एमबीच्या आसपास, ३२ बिटची साधारण ५४०.
2. केबी ३०२०३६९: एप्रिल २०१५ चा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट्स बसवणारी यंत्रणा.
3. केबी ३१२५५७४: एप्रिल २०१६ चा एकत्रित रोलअप (म्हणजे अनेक अपडेट्स एकाच फाइलमध्ये), ६४ बिटसाठी साधारण ४७७ एमबी. नुकतंच फॉर्मॅट केलेल्या मशीनसाठी. २०१६ च्या मध्यापर्यंत नियमित अपडेट होत आलेल्या मशीनला नको.
4. केबी ३१७२६०५: जुलै २०१६ चा रोलअप. तपासणीचा वेग यात सुधारलेला आहे. आपल्या कामाची मुख्य फाइल हीच.
5. केबी ४४९०६२८: मार्च २०१९ चा सर्व्हिसिंग स्टॅक.
6. केबी ४४७४४१९: एसएचए-२ सह्या (फाइल खरी असल्याची नव्या पद्धतीची डिजिटल सही) ओळखण्याची क्षमता. सप्टेंबर २०१९ ची आवृत्ती घ्या.
7. केबी ४५३६९५२: जानेवारी २०२० चा सर्व्हिसिंग स्टॅक.
8. केबी ४५३४३१०: जानेवारी २०२० चा मासिक रोलअप, मोफत मिळालेला शेवटचा.
9. केबी ४५३९६०२: वरच्या रोलअपमुळे 'स्ट्रेच' केलेला वॉलपेपर काळा पडतो, त्याची दुरुस्ती.

एकाच नंबरखाली अनेक ओळी येतात. सर्व्हर २००८ आर२, एम्बेडेड, इटेनियम या आपल्या नाहीत. 'विंडोज ७' आणि 'एक्स६४' असं दोन्ही लिहिलेली ओळ ६४ बिटची, 'एक्स८६' किंवा नुसतं 'विंडोज ७' म्हणणारी ३२ बिटची. ४४७४४१९ मध्ये हमखास गोंधळ होतो, कारण त्याच नंबरने सर्व्हर २००८ चीही फाइल आहे. फाइलच्या नावाची सुरुवात बघा: विंडोज ६.१ हवं. ६.० असेल तर ती व्हिस्टाच्या पिढीची, तुमच्या मशीनला लागणार नाही.

फाइल्स पेन ड्राइव्हवरून जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि वरच्या क्रमाने नावापुढे ०१, ०२ असे आकडे घाला. चौथ्या-पाचव्या रीस्टार्टनंतर कुठवर आलो होतो ते आठवत नाही.

## टप्पा ४: यंत्रणा अद्ययावत करा

आधी आपोआप होणारी तपासणी बंद करायची. कंट्रोल पॅनलमध्ये 'विंडोज अपडेट', 'चेंज सेटिंग्ज', 'नेव्हर चेक फॉर अपडेट्स'. नेटची केबल काढा किंवा वाय-फाय बंद करा. रीस्टार्ट करा. हा रीस्टार्ट वगळू नका, पार्श्वभूमीला चालू असलेली तपासणी त्यानेच खरी थांबते.

आता प्रत्येक फाइल टाकण्याची रीत. डबल क्लिक केलं की 'सर्चिंग फॉर अपडेट्स ऑन धिस कॉम्प्युटर' अशी खिडकी येते. ही पट्टीसुद्धा अर्धा-एक तास अडकू शकते, कारण ती त्याच विंडोज अपडेट सर्व्हिसला प्रश्न विचारते आणि सर्व्हिस आधीच दुसऱ्या हिशोबात गुंतलेली असते. म्हणून असं करा:

1. 'रन'मध्ये 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप करून सर्व्हिसेसची खिडकी उघडी ठेवा.
2. 'विंडोज अपडेट' निवडून 'स्टॉप' दाबा. 'डिसेबल' करू नका, नाहीतर फाइल एरर देऊन बंद होईल.
3. लगेच केबी फाइलवर डबल क्लिक करा. इन्स्टॉलर सर्व्हिस स्वतः सुरू करतो आणि ताज्या सर्व्हिसला त्याचं उत्तर देणं जमतं.
4. पंधरा मिनिटांत 'डू यू वाँट टू इन्स्टॉल' हा प्रश्न आला नाही तर खिडकी रद्द करा आणि पुन्हा स्टॉपपासून सुरू करा.

हा क्रम पाळा: (सर्व्हिस पॅक नसेल तर तो टाकून रीस्टार्ट), ३०२०३६९, रीस्टार्ट. फॉर्मॅट केलेलं मशीन असेल तर ३१२५५७४, रीस्टार्ट. मग ३१७२६०५, रीस्टार्ट. मग ४४९०६२८, पाठोपाठ ४४७४४१९, रीस्टार्ट. मग ४५३६९५२, त्यानंतर ४५३४३१०, रीस्टार्ट. शेवटी ४५३९६०२.

३०२०३६९ एकटीच टाका. तिच्यासोबत दुसरी अपडेट्सही एकदम बसवली की रीस्टार्टला मशीन 'स्टेज ३ ऑफ ३' वर गोठल्याची उदाहरणं आहेत. तसं झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा; लॉगिनचा पडदा येतो. बटण दाबून मशीन बंद करू नका.

३१७२६०५ च्या आधी एक बघायचं: लॅपटॉपमध्ये इंटेलचं ब्लूटूथ असेल तर त्याचा ड्रायव्हर नवा करून घ्या. जुन्या ड्रायव्हरवर ही फाइल बसली की ब्लूटूथ माउस आणि हेडफोन गप्प होतात.

एसएचए-२ च्या जोडीचं कारण समजलं तर तो टप्पा कुणी वगळणार नाही. ऑगस्ट २०१९ पासून आलेल्या अपडेट्सवर नव्या पद्धतीचीच सही आहे. ती ओळखायला न शिकवलेलं विंडोज ७ पुढची प्रत्येक फाइल खोटी समजून नाकारतं. २०२० मध्ये तर जुन्या पद्धतीवर चालणारे अपडेट सर्व्हरच बंद झाले. म्हणून मूळ डिस्कवरून ताजं टाकलेलं विंडोज ७ आता नुसती तपासणीही करू शकत नाही, ते थेट एरर देतं. लोक मग राउटर बदलतात.

'द अपडेट इज नॉट अॅप्लिकेबल टू युअर कॉम्प्युटर' हा संदेश आला की घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. कारणं चारच:

- ३२ आणि ६४ बिटची अदलाबदल;
- सर्व्हिस पॅक १ नाही;
- आधीची फाइल बसलेली नाही, किंवा बसली पण रीस्टार्ट राहिला;
- ती फाइल किंवा तिची पुढची आवृत्ती आधीच आहे.

चौथं कारण तपासायला 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मध्ये 'व्ह्यू इन्स्टॉल्ड अपडेट्स' उघडून नंबर शोधा. उदाहरणार्थ, ४४९०६२८ असताना ३०२०३६९ लागत नाही, आणि ते ठीकच आहे. तुम्ही पुढची फाइल घ्या.

काही ठिकाणी केबी ३१३८६१२ आधी टाकायला सांगतात. ती मार्च २०१६ ची अपडेट शोधणारी यंत्रणा आहे. ३१७२६०५ मध्ये तिच्यापुढची आहे. वेगळी टाकायची गरज नाही.

> तपासा: नेट बंद असतानाच इन्स्टॉल्ड अपडेट्सच्या यादीत ३१७२६०५, ४४७४४१९ आणि ४५३४३१० दिसतात का? नव्या रोलअपमुळे जुना एखादा नंबर दिसला नाही तरी चालेल, पण ४४७४४१९ आणि ४५३४३१० दिसलेच पाहिजेत.

## टप्पा ५: साठा रिकामा करा, गरज असेल तरच

नेट जोडा आणि 'चेक फॉर अपडेट्स' एकदा चालवून पाहा. यादी आली तर हा टप्पा सोडून द्या. एरर आली किंवा डाउनलोड शून्यावरच बसलं, तर 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन'ची वेळ आता आली.

1. सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज अपडेट', 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर सर्व्हिस' आणि 'क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस' या तिन्ही थांबवा.
2. विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन'चं नाव बदलून शेवटी 'जुना' किंवा काहीही जोडा. डिलीट नको, नाव बदला.
3. 'सिस्टिम३२'मधल्या 'कॅटरूट२'चंही तसंच करा.
4. रीस्टार्ट. दोन्ही फोल्डर नव्याने तयार झालेले दिसतील.

'फोल्डर इन यूज' असं आलं तर तिन्हीपैकी एखादी सर्व्हिस पुन्हा उठली आहे. क्रिप्टोग्राफिक सर्व्हिस तर थांबवल्यावर काही सेकंदांत उठते, त्यामुळे कॅटरूट२ चं नाव झटपट बदलावं लागतं.

> सावधान: 'कॅटरूट२' च्या शेजारीच 'कॅटरूट' नावाचा फोल्डर आहे. त्याला हात लावायचा नाही. त्यात सिस्टिम फाइल्सच्या सह्यांच्या याद्या असतात. त्या गेल्या तर पुढचं एकही अपडेट बसणार नाही.

यानंतर 'अपडेट हिस्टरी' रिकामी दिसेल. ती फक्त नोंदवही होती. बसलेली अपडेट्स 'इन्स्टॉल्ड अपडेट्स'मध्ये तशीच असतात. आठवडाभर सगळं ठीक चाललं की नाव बदललेले फोल्डर काढून टाका.

## टप्पा ६: पहिली तपासणी आणि उरलेली अपडेट्स

यंत्रणा नवी झाल्यावर तपासणी काही मिनिटांत आटोपते. रॅम कमी असेल तर अर्धा-पाऊण तास धरा. तेवढा वेळ ब्राउझर उघडू नका, १ जीबी रॅमच्या मशीनवर तर अजिबात नाही.

यादी आली की सगळ्यांवर खूण करून 'इन्स्टॉल' दाबायचा मोह होतो. तो आवरा. पंधरा-वीसचा घास घ्या, रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. डॉटनेटची (अनेक प्रोग्रॅम्सना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या घटकाची) अपडेट्स वेगळ्या फेरीत घ्या, ती वेळ खातात आणि एक फसलं की सोबतच्यांनाही अडवतात. ड्रायव्हर्स 'ऑप्शनल'मध्ये येतात; चालू असलेल्या ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर इथून बदलू नका. एखादं अपडेट तीनदा फसलं तर त्यावर राइट क्लिक करून 'हाइड' करा, बाकीची संपवा आणि शेवटी त्याच्याकडे या. बऱ्याचदा तोवर ते यादीतूनच गेलेलं असतं.

सगळं संपल्यावर जागा परत मिळवायची असेल तर केबी २८५२३८६ लागतं. ते बसल्यावर 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबलं की 'विंडोज अपडेट क्लीनअप' हा पर्याय येतो. त्याचं खरं काम पुढच्या रीस्टार्टला चालतं आणि 'क्लीनिंग अप' बराच वेळ पडद्यावर राहतं. तेव्हा मशीन बंद करू नका.

## टप्पा ७: बसतं पण टिकत नाही तेव्हा

इथे विंडोजच्या सिस्टिम फाइल्सचा साठा, म्हणजे कंपोनंट स्टोअर (टप्पा ५ मधला नव्हे), खराब असल्याचा संशय घ्यायचा. ८००७३७१२ हा कोड आला तर तो संशय उरत नाही.

विंडोज १० साठी लिहिलेली 'डिझम' या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमची 'रीस्टोअरहेल्थ' कमांड लोक इथे चालवतात. विंडोज ७ च्या डिझममध्ये ती सोयच नाही, त्यामुळे 'अननोन ऑप्शन'च्या धर्तीची एरर येते आणि डिझमच बिघडलंय असा समज होतो. विंडोज ७ चं हत्यार वेगळं आहे: 'सिस्टिम अपडेट रेडीनेस टूल', केबी ९४७८२१. कॅटलॉगवरून ऑक्टोबर २०१४ ची आवृत्ती घ्या. फाइल मोठी आहे आणि साध्या अपडेटसारखी बसते, पण बसता बसता स्टोअरची तपासणी आणि दुरुस्ती करते. पट्टी मध्येच तासभर एका जागी दिसेल. ती थांबलेली नसते.

झाल्यावर विंडोज फोल्डरमधल्या 'लॉग्ज', 'सीबीएस'मध्ये 'चेकसर' नावाची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटाकडे जा. 'नो एरर्स डिटेक्टेड' असेल तर स्टोअर धड आहे. 'अनअव्हेलेबल रिपेअर फाइल्स' अशी यादी असेल तर टूलकडे त्या फाइल्सची प्रत नव्हती. यादीतल्या नावांमध्ये केबी नंबर दिसतात. ती अपडेट्स कॅटलॉगवरून घ्या, विंडोज फोल्डरमध्ये 'चेकसर' आणि त्याच्या आत 'पॅकेजेस' असे फोल्डर तुम्हीच तयार करा, फाइल्स त्यात टाका आणि टूल पुन्हा चालवा. ही सोय फार कमी जणांना माहीत आहे, पण फॉर्मॅट वाचवते.

मग सिस्टिम फाइल्सची तपासणी. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि एसएफसी, एक स्पेस, तिरकी रेघ व तिला चिकटून स्कॅननाऊ असं इंग्रजीत टाइप करा. 'सिस्टिम रिपेअर पेंडिंग' असं म्हणून ती चालायलाच नकार देत असेल तर रीस्टार्ट करून पुन्हा. क्रम इथेही महत्त्वाचा आहे: एसएफसी त्याच स्टोअरमधून चांगली प्रत उचलते, म्हणून स्टोअर आधी आणि एसएफसी नंतर.

रीस्टार्टला टक्क्यांवर अडकलं तर आधी हार्ड डिस्कचा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या डिस्कवर दोन-तीन तासही लागतात. दिवा पूर्ण शांत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पाहा. काहीच नाही झालं तरच बटणाने बंद करा, चालू करताना एफ८ दाबत राहा आणि 'सेफ मोड' निवडा. विंडोज बहुधा तिथेच बदल मागे घेतं आणि सुरू होतं. नाही झालं तर त्याच यादीतलं 'रिपेअर युअर कॉम्प्युटर', त्यात 'सिस्टिम रीस्टोअर', आणि टप्पा २ मध्ये बनवलेला पॉइंट.

याहून पुढे एकच उपाय उरतो: विंडोजच्या डिस्कवरून चालू विंडोजमध्येच 'अपग्रेड' चालवणं. त्यासाठी डिस्क त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची, तितक्याच बिटची आणि सर्व्हिस पॅक १ असलेली हवी. त्यानंतर टप्पा ४ पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

## वारंवार दिसणारे कोड

- ८००९२००४: एसएचए-२ ची सही ओळखता येत नाही. ४४९०६२८ आणि ४४७४४१९ राहिलेत किंवा रीस्टार्ट राहिलाय.
- ८००७२ईएफई: सर्व्हरने जोडणी तोडली. ताज्या विंडोज ७ वर याचंही कारण बहुधा टप्पा ४ न केल्याचंच. त्याशिवाय तारीख आणि अँटिव्हायरसचं वेब-संरक्षण बघा.
- ८००७०००५: परवानगी नाकारली. अँटिव्हायरस बंद करून पाहा.
- ८०२४४०२सी: सर्व्हरचा पत्ता सापडत नाही. प्रॉक्सी किंवा डीएनएस. 'इंटरनेट ऑप्शन्स'मध्ये जुनी प्रॉक्सी राहिली आहे का ते बघा.

कोडचा अर्थ लागत नसेल तर विंडोज फोल्डरमधली 'विंडोजअपडेट' ही लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. विंडोज ७ मध्ये ती साधा मजकूर असते. शेवटून वर जात 'फेटल' आणि 'वॉर्निंग' हे शब्द शोधा. खिडकीत एकच कोड दिसतो, लॉगमध्ये त्याच्या आधीचा, खरं कारण असलेला कोड सापडतो.

## जानेवारी २०२० नंतरची अपडेट्स

कॅटलॉगमध्ये त्यापुढचे मासिक रोलअपही दिसतात आणि ते डाउनलोडही होतात. ते पैसे भरून घेतलेल्या वाढीव आधाराचे आहेत. तो आधार १० जानेवारी २०२३ पर्यंत होता. परवान्याशिवाय टाकले तर फाइल बसल्यासारखी दिसते, रीस्टार्टला टक्के वाढतात आणि मग 'रिव्हर्टिंग चेंजेस'. मशीनमध्ये बिघाड नसतो, त्यामुळे टप्पा ७ पुन्हा करण्यात अर्थ नाही. तशी फाइल टाकून बसला असाल तर मागे जाण्याचं काम पूर्ण होऊ द्या आणि यादी ४५३४३१० वरच थांबवा.

सगळं झाल्यावर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'चेक फॉर अपडेट्स बट लेट मी चूज' निवडा. 'नेव्हर' तसंच ठेवलं तर पुढच्या वेळी मशीन उघडणाऱ्याला वाटेल की इथे कधी अपडेट झालंच नाही. पॉवर ऑप्शन्समधला स्लीप आणि अँटिव्हायरसही परत चालू करा. हे दोन्ही हमखास विसरतात.